दार लावलं का, हे विचारायचं कुणी? – वाचकांचे प्रश्न, कप्तानाची उत्तरं

जहाजं बुडतात तेव्हा माणसं नेमकी कशामुळे मरतात, याबद्दल या वेळी बरीच पत्रं आली. मी बत्तीस वर्षं मालवाहू जहाजांवर काढली, त्यातली अकरा कॅप्टन म्हणून. जे पाहिलं आणि जे चौकशी अहवालांत वारंवार वाचलं, त्यावरून उत्तरं देतो.

जहाजांचे बहुतेक अपघात मानवी चुकीमुळे होतात असं सगळीकडे लिहिलेलं असतं. मानवी चूक म्हणजे नक्की काय? कुणीतरी डुलकी काढली, कुणीतरी प्यायलेला होता, एवढंच का? – एक निवृत्त शिक्षक

गुरुजी, झोपलेला माणूस शोधला की सापडतोच. तो सापडला की लोकांना वाटतं, चौकशी संपली. खरा घोटाळा तिथेच होतो. एक उदाहरण जरा सविस्तर सांगतो. माझ्या हाताखाली आलेल्या प्रत्येक नव्या ऑफिसरला मी हेच सांगत असे.

‘हेराल्ड ऑफ फ्री एंटरप्राइझ’ ही मोटारी आणि प्रवासी नेणारी फेरी, म्हणजे फेरीबोट. ६ मार्च १९८७ च्या संध्याकाळी ती बेल्जियममधल्या झीब्रुग बंदरातून इंग्लंडमधल्या डोव्हरकडे निघाली. मोटारी आत घेण्यासाठी नाळेकडे, म्हणजे जहाजाच्या अगदी तोंडाशी, मोठी दारं होती. ती उघडीच राहिली.

दारं लावायचं काम मदतनीस सारंगाचं. (सारंग म्हणजे डेकवरच्या खलाशांचा मुकादम.) तो केबिनमध्ये झोपला होता. जहाज निघत असल्याची सूचना झाली, ती त्याला ऐकूच आली नाही. हा झाला झोपलेला माणूस. आता बाकीचे पाहा. मोटारींच्या डेकवरून सगळ्यात शेवटी बाहेर पडला तो खुद्द सारंग. त्याने उघडी दारं पाहिली, पण ती लावणं त्याच्या कामात कधी मोडत नव्हतं. दारांची खातरजमा करायची होती चीफ ऑफिसरने. त्याला लांबून कुणीतरी येताना दिसलं. मदतनीसच असेल असं धरून तो ब्रिजवर, म्हणजे जहाज चालवायच्या वरच्या खोलीत, गेला, कारण जहाज निघताना त्याने तिथेही हजर असावं अशी अपेक्षा होती. ब्रिजवरून कॅप्टनला दारं दिसत नव्हती. त्या जहाजावरचा रिवाज असा, की काही बिघडलं तर कळवायचं. कुणी काही कळवलं नाही म्हणजे सगळं ठीक. त्या संध्याकाळी कुणीच काही कळवलं नाही.

त्यात तिथला धक्का या फेरीला नीट जुळत नव्हता. मोटारी चढवण्यासाठी पुढच्या टाक्यांत पाणी भरून जहाजाचं तोंड खाली आणावं लागे, आणि निघताना ते पाणी पुरतं उपसलेलं नव्हतं. वेग वाढला तशी पुढची लाट चढली आणि दारातून आत आली. एका पसरट ताटात बोटभर पाणी घेऊन चार पावलं चालून पाहा. ताट किंचित कललं की सगळं पाणी त्याच बाजूला धावतं आणि ताटाला आणखी कलवतं. मोटारींचा डेक म्हणजे मध्ये एकही भिंत नसलेलं असं ताट, तेही जवळजवळ जहाजाएवढं लांब. बंदर सोडल्यावर काही मिनिटांत फेरी कलली आणि दीडएक मिनिटात आडवी झाली. १९३ माणसं गेली.

आता सांगा, चूक कुणाची? दारं उघडी की बंद हे दाखवणारा एक दिवा ब्रिजवर बसवा, अशी मागणी त्याच कंपनीच्या कॅप्टननी आधी केली होती. कार्यालयातल्या लोकांनी ती थट्टेवारी नेली. अपघातानंतर कंपनीच्या उरलेल्या फेरीबोटींवर तेच दिवे काही दिवसांत बसले. न्यायमूर्ती शीन यांच्या चौकशीने म्हणूनच दोष खलाशांपाशी थांबवला नाही. कंपनी वरपासून खालपर्यंत ढिलाईने पोखरलेली आहे, असा ठपका त्यांनी ठेवला. प्रत्येक जहाज कंपनीला सुरक्षेची लेखी व्यवस्था ठेवायला लावणारी आंतरराष्ट्रीय नियमावली १९९८ पासून सक्तीची झाली, तिच्यामागे हा अपघात मोठं कारण आहे.

म्हणून ‘मानवी चूक’ हा शब्द मला पुरत नाही. जहाज संकटात आणणारी चूक वेगळी आणि माणसं मारणारी चूक वेगळी. पहिली बहुधा एकाची असते. दुसरीत पाच-सहा जण असतात, आणि त्यांतल्या प्रत्येकाने थोडंसं काहीतरी गृहीत धरलेलं असतं.

टायटॅनिकवर लाइफबोटी कमी होत्या म्हणून माणसं गेली. आता सगळ्यांना पुरतील इतक्या बोटी असतात. मग हा प्रश्न सुटला ना? – एक महाविद्यालयीन विद्यार्थिनी

बोटी कमी होत्या हे खरंच. माणसं सुमारे २,२०० आणि २० बोटींत मिळून जागा १,१७८. वाईट म्हणजे एवढ्याने कायदा पाळला जात होता. नियम टनेजवर, म्हणजे जहाजाच्या आकारमानावर होता, माणसांच्या संख्येवर नव्हता, आणि तो १०,००० टनांपाशी थांबला होता. टायटॅनिक ४६,००० टनांची.

पण मला जास्त टोचतं ते पुढचं. आहेत त्या जागांपैकीही साडेचारशेहून जास्त रिकाम्या गेल्या. पहिली बोट ६५ जणांची, तिच्यात २८ जण बसले. ४० जणांची एक बोट १२ जणांना घेऊन गेली. उबदार, दिवे लागलेलं जहाज सोडून काळोखात लटकणाऱ्या होडीत बसायला लोक तयार नव्हते, कारण जहाज बुडतंय हे त्यांना कुणी स्पष्ट सांगत नव्हतं. आणि पूर्ण भरलेली बोट दोरांवर उतरवली तर मधोमध मोडेल, अशी काही अधिकाऱ्यांना भीती होती. बोटी पूर्ण भाराने उतरवण्यासाठीच बांधलेल्या होत्या. ते त्यांना कुणी सांगितलेलंच नव्हतं.

आणि नुसत्या बोटी वाढवून काय होतं तेही पाहा. टायटॅनिकनंतर तीनच वर्षांनी, २४ जुलै १९१५ ला, शिकागोच्या नदीत ‘ईस्टलँड’ नावाची सहलीची बोट धक्क्याला बांधलेली असतानाच उलटली. ८४४ माणसं गेली, काठापासून काही हातांवर. ती आधीच डोईजड म्हणून ओळखली जात होती. टायटॅनिकच्या धड्यामुळे तिच्यावर आणखी लाइफबोटी आणि तराफे चढवले होते, सगळे वरच्या डेकवर. त्या वजनाने तोल बिघडेल का, हा हिशोब कुणी पुन्हा मांडला नाही.

बोट असणं निराळं आणि वेळेला ती सुटणं निराळं. १९५६ साली ‘आंद्रेआ डोरिया’ हे प्रवासी जहाज टकरीनंतर इतकं कललं की एका बाजूच्या बोटी खाली सोडताच येईनात, म्हणजे निम्म्या वाया. १९०४ साली न्यूयॉर्कला ‘जनरल स्लोकम’ ही सहलीची बोट पेटली. तिच्यावर लाइफजॅकेटं भरपूर होती, पण आतल्या बुचाची कुजून भुकटी झाली होती. आयांनी ती मुलांना घातली आणि मुलांना पाण्यात सोडलं. हजारावर माणसं गेली. महिनाभर आधीच सरकारी निरीक्षकाने बोट तपासून सगळं ठीक असल्याचा दाखला दिला होता.

तो दाखला आठवला की मला माझी सही आठवते. लाइफबोटी दर आठवड्याला तपासून वहीत नोंद करणं हे थर्ड ऑफिसरचं काम. मी थर्ड ऑफिसर असताना, रात्रभर माल उतरवण्याच्या पाळीनंतर, एकदा वर न चढताच ‘ठीक’ लिहिलं. पुढच्या आठवड्यात पुन्हा लिहिलं, त्याच्या पुढच्याही. मग ड्रिल झालं. बोट आवळून धरणाऱ्या तारेची आकडी गंजून दगडासारखी घट्ट बसली होती. कसाबाने (कसाब म्हणजे जहाजावरचं भांडार सांभाळणारा) हातोडी आणली, तेल ओतलं. शेवटी सारंगाने गुडघा बोटीला टेकवून आकडीवर घाव घातले, तेव्हा ती सुटली. बावीस मिनिटं लागली. कॅप्टननी वही मागवली, माझ्या तिन्ही सह्यांवर एकेक करून बोट ठेवलं आणि काही न बोलता वही माझ्या हातात दिली.

शांततेच्या काळातली सगळ्यात मोठी सागरी दुर्घटना कोणती? – एक वाचक

फिलिपाईन्समधली ‘दोन्या पाझ’. २० डिसेंबर १९८७ ला ही प्रवासी बोट ‘व्हेक्टर’ या तेलवाहू जहाजाला धडकली आणि दोन्ही पेटली. प्रवाशांच्या अधिकृत यादीत दीड हजारच्या आसपास नावं होती. मृतांचा आकडा चार हजारांच्या वर धरला जातो. वाचले फक्त २६. या अंतरातच बरंचसं उत्तर आहे. सेनेगलची ‘ल जूला’ २६ सप्टेंबर २००२ ला उलटली, तेव्हाही साधारण ५८० जणांच्या फेरीवर १,९०० च्या आसपास माणसं होती. वाचली ६४.

कॅप्टनने जहाजाबरोबर बुडावं असा नियम आहे का? की ती फक्त सिनेमातली गोष्ट? – एक वकील

बुडावं असा नियम कुठेच नाही, आणि नसावाही. मेलेला कॅप्टन कुणालाच वाचवू शकत नाही. पण प्रवासी संकटात असताना त्यांना सोडून जाणं अनेक देशांच्या कायद्यात गुन्हा आहे. इटलीत आहे, दक्षिण कोरियातही आहे.

लोकांना ‘कोस्टा कॉन्कॉर्डिया’ या इटालियन प्रवासी जहाजाचा कॅप्टन आठवतो तो लवकर उतरला म्हणून. माझा राग आहे तो उतरण्याआधी त्याने जे केलं त्यावर. १३ जानेवारी २०१२ च्या रात्री पावणेदहाच्या सुमाराला जिल्यो बेटाच्या अगदी जवळून जाताना जहाज खडकावर घासलं. यंत्रघरात पाणी भरतंय हे ब्रिजवर थोड्याच वेळात कळलं होतं. तरी किनाऱ्यावरच्या तटरक्षक दलाला सांगितलं काय, तर वीज गेली आहे. जहाज सोडण्याचा हुकूम निघाला तो अकराच्या जरा आधी. तासाहून जास्त वेळ गेला. तोवर जहाज कलायला लागलं होतं, आणि जिने चढणं, बोटी सोडणं दर मिनिटाला अवघड होत गेलं. ३२ जण मेले. समुद्र शांत होता आणि किनारा हाकेच्या अंतरावर. त्याच दिवशी चढलेल्या शेकडो प्रवाशांना कुठे जमायचं हे अजून दाखवलेलंही नव्हतं. तेव्हाच्या नियमाप्रमाणे चोवीस तासांची मुभा होती. आता हा सराव जहाज निघण्याआधी किंवा निघाल्या निघाल्या घ्यावा लागतो.

याच्या उलट एक गोष्ट सांगतो. ऑगस्ट १९९१ मध्ये ‘ओशियानोस’ हे ग्रीक प्रवासी जहाज दक्षिण आफ्रिकेजवळ वादळात बुडालं. कॅप्टन आणि बरेचसे ऑफिसर आधीच निघून गेले. जहाजावर गाणी-बजावणी करायला आलेल्या कलाकारांनी बिनतारी यंत्र हातात घेतलं, मदत मागितली आणि माणसांना रांगेने हेलिकॉप्टरपर्यंत पोचवलं. जहाजावरची सगळीच्या सगळी, ५७१ माणसं वाचली. गिटार वाजवणाऱ्याला समुद्राचं शिक्षण नव्हतं. कुणीतरी पुढे व्हायला हवं एवढं त्याला समजलं.

माझी मुलगी शाळेच्या सहलीला फेरीने जाणार आहे. कोरियातल्या त्या मुलांना जागेवर बसून राहा सांगितलं आणि ती बसून राहिली, हे डोक्यातून जात नाही. मुलीला काय सांगू? मोठ्यांचं ऐकू नकोस असं सांगू का? – एक आई

ताई, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं.

‘सेवॉल’ १६ एप्रिल २०१४ च्या सकाळी कलली. जहाजावर ४७६ जण होते, बहुतेक एकाच शाळेची मुलं. माल परवानगीच्या दुपटीहून जास्त होता आणि नीट बांधलेला नव्हता. तोल सांभाळणारं तळातलं पाणी मात्र कमी ठेवलेलं. एका वळणात माल सरकला आणि जहाज परत सरळ झालंच नाही. ध्वनिक्षेपकावरून ‘जागेवरून हलू नका’ असं पुन्हा पुन्हा सांगितलं गेलं. मदतीचा पहिला फोन एका विद्यार्थ्याने आपल्या मोबाईलवरून केला होता. कॅप्टन पहिल्या काही जणांत बाहेर पडला, आणि आत थांबलेल्यांना कुणी ‘निघा’ म्हटलं नाही. ३०४ माणसं गेली, त्यांत २५० विद्यार्थी. बावीस वर्षांच्या एका कर्मचारी मुलीने मात्र जॅकेटं मुलांना वाटली. ती वाचली नाही.

मुलांची यात काडीचीही चूक नव्हती. शिस्तीची मुलं होती आणि त्यांनी विश्वास ठेवला. म्हणून ‘मोठ्यांचं ऐकू नकोस’ असं सांगू नका. धोक्याच्या वेळी सैरावैरा पळणारी माणसंही मरतात. त्याऐवजी तिला एवढं सांगा. चढल्यावर पहिल्या पाच मिनिटांत आपलं लाइफजॅकेट कुठे आहे आणि आपल्या जागेपासून उघड्या डेकवर जायचे दोन रस्ते कोणते, हे स्वतः चालून बघायचं. दारं मोजायची, कारण वीज गेली की हातानेच मोजावी लागतात. लाटेने जहाज हलतं आणि परत येतं, ते ठीक. कललं आणि परत आलंच नाही, तर बंद खोलीत थांबायचं नाही. शिक्षकांना मोठ्याने सांगायचं आणि सगळ्यांनी मिळून उघड्यावर, उंच बाजूला जायचं. जमायच्या जागी जाण्यासाठी कुणाच्या परवानगीची गरज नसते. फुगवायचं जॅकेट असेल तर ते बाहेर आल्यावरच फुगवायचं. पाणी भरलेल्या खोलीत ते माणसाला छताशी दाबून धरतं.

जमलं तर हे तिच्या शिक्षकांनाही वाचायला द्या.

आता उपग्रह आहेत, हवामानाचे नकाशे पडद्यावर येतात, रडार आहे. मग अजूनही असं का घडतं? – एक संगणक अभियंता

कारण पडद्यावरचा नकाशा किती तासांपूर्वीचा आहे हे पडदा ओरडून सांगत नाही. १ ऑक्टोबर २०१५ ला ‘एल फारो’ हे अमेरिकन मालवाहू जहाज बहामाजवळ जोआकिन चक्रीवादळात सापडून बुडालं. ३३ पैकी एकही जण वाचला नाही. कॅप्टन ज्या हवामान सॉफ्टवेअरवर भिस्त ठेवून होते, त्यातली माहिती कित्येक तास शिळी असायची. ब्रिजवर त्याहून ताजी माहितीही येत होती. समुद्राच्या तळातून ध्वनिमुद्रक काढला गेला आणि ब्रिजवरचं बोलणं ऐकता आलं. रात्री थर्ड ऑफिसरने कॅप्टनना केबिनमध्ये फोन करून सांगितलं, की आपण वादळाच्या फार जवळ जातोय. मध्यरात्रीनंतर सेकंड ऑफिसरने फोन करून दुसरा मार्ग सुचवला. दोन्ही वेळा मार्ग तोच राहिला. दोघेही जाणते ऑफिसर होते आणि दोघांचंही म्हणणं बरोबर होतं. पण ते अदबीने सुचवत होते, आणि अदब राखून सुचवलेली गोष्ट अर्धवट जागा माणूस अदबीनेच बाजूला ठेवतो.

हा रोग जुना आहे. स्वीडनची ‘वासा’ १६२८ साली पहिल्याच फेरीत दीड किलोमीटरही न जाता बुडाली. त्याआधी तिच्या डेकवरून तीस खलाशांना इकडून तिकडे पळवून तोल तपासला होता. तिसऱ्या वेळी ती इतकी डोलली की तपासणीच थांबवली. एक बडा दर्यासारंग तिथे उभा होता. राजाला जहाज लवकर हवं होतं आणि राजा परदेशात होता. ही बोट जाऊ नये, असं कुणी बोललं नाही.

मी सतरा वर्षांचा आहे, मर्चंट नेव्हीत जायचंय. तुमच्या हातून माणसं मरतील अशी चूक कधी झाली का? – एक विद्यार्थी

हो, झाली. मी सेकंड ऑफिसर होतो, रात्री बारा ते चारची पाळी. समुद्र खवळलेला, रडारचा पडदा लाटांच्या ठिपक्यांनी भरून गेला होता. ते ठिपके दाबायचं एक बटण असतं. ते मी जरा जास्तच फिरवलं. पडदा स्वच्छ झाला आणि मी निर्धास्त झालो. लाटांबरोबर लहान लाकडी होड्यांचे ठिपकेही पुसले जातात हे मला शिकवलेलं होतं, परीक्षेत मी ते लिहिलंही होतं.

ब्रिजच्या बाहेरच्या टोकाला खलाशी टेहळणीला उभा होता. माझ्यापेक्षा वीस वर्षांनी मोठा. तो म्हणाला, ‘साहेब, पुढे दिवा आहे.’ मी रडारकडे पाहिलं आणि म्हटलं, ‘काही नाही.’ खिडकीतून पाहिलं नाही. मिनिटभर गेलं असेल. तो आत आला, माझ्या आणि रडारच्या मध्ये उभा राहिला आणि ओरडला, ‘साहेब, समोर माणसं आहेत!’

सुकाणी माझ्या तोंडाकडे बघत होता. मी सुकाणू पूर्ण उजवीकडे टाकायला सांगितलं. एवढं मोठं जहाज लगेच वळत नाही. हळूहळू तोंड फिरलं आणि ती होडी आमच्या डाव्या अंगाने सरकत गेली, इतकी जवळून की वरून मला तिच्यातली जाळी दिसली. एक माणूस उभा राहून कंदील डोक्याच्या वर धरून होता. बाकीचे दोघं खाली बसलेले, होडीची कड धरून. कंदील बराच वेळ तसाच वर होता, आम्ही पुढे निघून गेल्यावरही.

पहाटे चारला पाळी संपली. खलाशी खाली जायला निघाला, पायरीपाशी थांबला आणि आवाज चढवल्याबद्दल त्याने माझी माफी मागितली.